दोन रांगांमधलं अंतर

कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळात थांबवायचा खेळ. वॉलेस क्रीक गावच्या कर्लिंग क्लबला पंचाहत्तर वर्षं झाली, तेव्हा सगळ्या जुन्या-नव्या खेळाडूंचा एकत्र फोटो काढायचं ठरलं. तो नोरीन हालिकनेच काढायचा, यावर दुमत नव्हतं.

नोरीन गावची जनावरांची डॉक्टर. लाथा झाडणाऱ्या घोडीपाशी ती ज्या शांतपणे जायची, त्याच शांतपणे कॅमेरा धरायची. तिची मोठी लेन्स म्हणजे तिचा जीव की प्राण. त्या लेन्सचं छिद्र सताड उघडलं, की घोड्याचा डोळा लख्ख यायचा आणि मागचं कुंपण, गोठा, बर्फ सगळं लोण्यासारखं विरघळून जायचं. गावातल्या निम्म्या घरांत तिने काढलेली जनावरं भिंतीवर होती.

शनिवारी दुपारी सगळे बर्फावर जमले. हॉलमधल्या नळीच्या दिव्यांचा उजेड बेताचाच, म्हणून नोरीनने नेहमीसारखं छिद्र उघडंच ठेवलं. पुढे खुर्च्या, मागे उभ्या रांगा. पुढच्या खुर्चीत ऑरेस्ट बोझाक ऐसपैस बसला होता. त्याचा धाकटा भाऊ टारस पार मागे, भिंतीला पाठ लावून उभा होता. त्यांना कुठे उभं राहायचं हे कोणी सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच नव्हती.

भाऊबंदकी जमिनीवरून होते, बोझाकांची बर्फावरून झाली होती. बऱ्याच वर्षांपूर्वी प्रांताच्या अंतिम सामन्यात ऑरेस्ट कप्तान होता. दगडापुढचा बर्फ झाडूने घासला की दगड आणखी लांब जातो. शेवटचा दगड सरकत असताना तो ओरडला, ‘झाडू थांबवा.’ टारसला वाटलं दगड अपुरा पडणार, म्हणून तो बर्फ घासतच राहिला. दगड वर्तुळ ओलांडून गेला, सामना गेला, आणि त्या दिवसापासून दोघांचं बोलणंही गेलं. आता दोघंही सत्तरीपुढचे.

नोरीनने फोटो काढला. क्लबची अध्यक्ष डेल्फीन कॅमेऱ्यापाशी आली. नोरीनने चित्र मोठं करून दाखवलं. ऑरेस्टच्या मिशीचा केस न् केस मोजता येत होता. मागे टारसच्या जागी ओल्या बोटाने पुसल्यासारखा एक डाग होता.

“अगं, हा टारस आहे की भिंतीवरची ओल?” डेल्फीन म्हणाली.

ती हळू बोलली होती, पण बर्फावर आवाज लांब जातो. ऑरेस्ट खुर्चीतूनच म्हणाला, “मला तर फोटो झकास वाटतोय.”

टारसने टोपी डोक्यावर चढवली. “मी नसलो तरी चालतंय ना तुमचं? मग मी निघतो.”

“कुठेही जायचं नाही,” नोरीन म्हणाली. “चूक माझी आहे, तुमची नाही. घोड्याचा फोटो काढतात तसा मी माणसांचा काढला.”

डेल्फीनला घाई झाली होती. आत जेवणाच्या पियरोगी, बटाट्याचं सारण भरलेल्या उकडलेल्या करंज्या, निवत होत्या. “तुझी ती रुंद लेन्स लाव ना. तिच्यात सगळं स्पष्ट येतं म्हणतात.”

“ती लावली की चेहरे बारीक होतात. ते मोठे दिसावेत म्हणून मी पुढे येणार, आणि पुढे आले की मिळालेली स्पष्टता पुन्हा गेली. त्यापेक्षा असं बघ.” नोरीनने दोन्ही तळवे समोरासमोर धरले. “ही जागा स्पष्ट येते. हिच्या पुढचं आणि मागचं पुसट. छिद्र लहान केलं की ही जागा वाढते, पण उजेड कमी होतो. इथे उजेड आधीच कमी, म्हणून मी थोडंच लहान करू शकते. बाकीचं तुम्ही करायचं.”

“आम्ही काय करायचं?” खुर्चीतून कोणीतरी विचारलं.

“जवळ यायचं.”

तिने स्टँड आणला, कॅमेरा त्यावर घट्ट बसवला, छिद्र लहान केलं आणि माणसं हलवायला सुरुवात केली. गोठ्यात वासरं आत घ्यावीत तसं, दंडाला धरून, बोलत बोलत. मागच्या रांगा पुढच्यांच्या खांद्यापर्यंत आल्या. शेवटी टारस एकटा भिंतीपाशी उरला. रिकामी जागा एकच होती, ऑरेस्टच्या खुर्चीमागे.

“तिथे नाही,” टारस म्हणाला.

“तिथेच. नाहीतर तुम्ही पुन्हा ओल व्हाल.”

कोणीतरी फिसकन हसलं. टारस सावकाश चालत आला आणि भावाच्या मागे उभा राहिला.

“मानेवर श्वास सोडू नकोस,” ऑरेस्ट पुढे बघतच म्हणाला.

“मान खाली घे. तुझ्या टोपीमागे मी अर्धा झाकलोय.”

ऑरेस्टने टोपी काढून मांडीवर ठेवली. टारसने ते टक्कल बहुधा पहिल्यांदाच पाहिलं असावं. तो क्षणभर बघतच राहिला.

नोरीनने दुसऱ्या रांगेवर फोकस धरला. फोकसच्या पुढे मिळते त्यापेक्षा मागे जास्त स्पष्ट जागा मिळते, हे तिला ठाऊक होतं. “उजेड कमी आहे, कॅमेरा जरा वेळ घेणार. मी सांगेपर्यंत कोणी हलायचं नाही.”

“ऐकलंस का?” ऑरेस्ट म्हणाला.

“ऐकलं.”

बटण दाबलं. नोरीनने चित्र मोठं करून एकेक रांग तपासली. चेहरे सगळे स्पष्ट होते, फक्त डेल्फीनचेच डोळे मिटले होते. पुन्हा काढावा लागला, आणि तोवर कोणीच जागा सोडली नाही. त्या मधल्या वेळात ऑरेस्टने मागे न बघता गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं ते विचारलं. टारस म्हणाला, डावा बरा आहे, उजवा अजून कुरकुरतो.

मग आत जेवायला गेल्यावर दोघं वेगवेगळ्या टेबलांवर बसले. नोरीनने ते पाहिलं आणि आणखी काही अपेक्षा केली नाही. तिचं काम फोटोचं होतं, ते चोख झालं होतं, आणि तिला ते माहीत होतं.

सोमवारी टारस कुत्र्याला लस द्यायला दवाखान्यात आला. जाताना दारात थबकला.

“त्या फोटोच्या दोन प्रती काढ.”

“दोन कशाला?”

“एक त्याला देतो नेऊन. वाटेवरच आहे घर.”

ऑरेस्टचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं. नोरीनने मान हलवली आणि पुढच्या मांजरीला टेबलावर घेतलं.