अध्यक्षांनी खाली ठेवलेला हातोडा

खिळा मी आयुष्यात एकही ठोकला नाही, मित्रांनो. तरीही मी हातोडाच आहे. अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातल्या नॉर्थ हॅलेट गावाच्या सभेचा जुना, मेपलच्या लाकडाचा, मुठीएवढा हातोडा. माझे काम एकच होते : एका लाकडी चकतीवर पडायचे आणि माणसांना गप्प करायचे. कायमचे नव्हे, दुसऱ्याचे बोलणे कानी पडावे, इतपतच.

ज्या झाडातून मी आलो, ते गावाच्या हिरवळीवर उभे होते. थंडी सरत आली की त्याच्या खोडाला भोक पाडून गोड रस काढत. एका वादळात ते कोसळले, आणि पुढे सभेचा अध्यक्ष झालेल्या एल्डन स्प्रेगच्या आजोबांनी त्याचे लाकूड कातून मला घडवले. माझ्या डोक्यावर एक काळपट रेघ आहे. आजोबांनी ती पुष्कळ घासली. पण तो डाग नव्हता. ज्या वाटेने रस बाहेर गेला, त्या वाटेची ती खूण होती. झाड ती जखम भरून काढते, विसरत मात्र नाही.

मार्चचा पहिला मंगळवार हा माझा दिवस. बाहेर अर्धे बर्फ, अर्धा चिखल. आत लाकडाची शेगडी, ओल्या लोकरीचा वास, बायकांच्या हातात विणकाम आणि मागच्या खोलीत दुपारच्या जेवणासाठी मंद शिजणाऱ्या घेवड्याचे हंडे. सभेचा एक नियम होता. कुणी कुणाशी थेट बोलायचे नाही. जे सांगायचे ते अध्यक्षांना उद्देशून. एकदा कुंपणावरून बिनसलेल्या दोन भावांनी आपले भांडण असे मिटवले की दोघेही सबंध वेळ एल्डनच्याच तोंडाकडे पाहत होते. माणसाचा राग दुसऱ्या कुणाच्या तरी चेहऱ्यावरून वळून गेला की त्याची धार थोडी बोथट होते. हे शहाणपण कुणाला सुचले कोण जाणे. मला त्याचे नेहमी कौतुक वाटत आले.

दुसरा नियम एल्डनसाठी होता. अध्यक्षाला मत नसते. बोलायचेच असेल तर त्याने हातोडा खाली ठेवावा, खुर्ची दुसऱ्याला द्यावी आणि तो विषय संपेपर्यंत मला शिवू नये. वडिलांच्या मागून एल्डन त्या खुर्चीवर आला, पण त्याने मला कधी खाली ठेवले नव्हते. गावाचा त्याच्यावर विश्वास होता तो याच मुक्या हातामुळे.

आणि मग तो ठराव आला. शाळेतली निवृत्त परिचारिका विनिफ्रेड कॉब हिने तो मांडला : खाजगी विमा कंपन्यांच्या जागी सर्वांसाठी मिळून एकच सार्वजनिक निधी असावा, प्रत्येकाने त्यात ऐपतीप्रमाणे भर घालावी आणि आजारी पडेल त्याचा खर्च त्यातून व्हावा, अशी विनंती गावाने राज्याला करावी.

विरोधात उभा राहिला रॉयस थिबो. पशुखाद्याच्या दुकानावरच्या खोलीत तो विमा विकत असे. त्याला खलनायक समजू नका, मित्रांनो. गावात कुणाच्या कोठाराला आग लागली तर बंबाच्या मागोमाग रॉयसची गाडी पोहोचत असे. त्याचे म्हणणे होते की माणूस माणसाला ओळखतो. राजधानीतले टेबल कुणालाच ओळखत नाही. जे सरकार दुपारपर्यंत रस्त्यावरचे बर्फ काढू शकत नाही, त्याच्या हाती आपले हृदय द्यायचे का, असे त्याने विचारले, तेव्हा अर्धे सभागृह हसले.

विनिफ्रेड सुई खाली न ठेवता उठली. "अध्यक्षमहाराज, रॉयसला सांगा, रसाच्या कढईत सगळ्या झाडांचा रस एकत्रच पडतो. माझ्या झाडाचा रस माझ्याच पोळीवर वाढा, असं आजवर कुणी म्हटलं नाही."

"आणि अध्यक्षमहाराज, विनिफ्रेडला सांगा," रॉयस म्हणाला, "भोक पाडण्यापूर्वी झाडाला आजवर कुणी विचारलंही नाही."

या वेळी दुसरे अर्धे सभागृह हसले. मी चकतीवर पडलो. पण एल्डनची बोटे माझ्या दांड्याभोवती घट्ट आवळली होती, आणि त्याला घाम का आला आहे, ते त्या सभागृहात मला आणि आणखी दोघींनाच ठाऊक होते.

एक विनिफ्रेड, आणि दुसरी तिसऱ्या बाकावर बसली होती. कोरीन, एल्डनची बायको. मेपलचा पाक करणाऱ्या या जोडप्याने हप्ता झेपेना म्हणून विमा सोडून दिला होता. आमच्याकडे वयाची पासष्ट वर्षे पूर्ण झाली की सरकारी विमा आपोआप मिळतो. एल्डनला तो मिळालेला होता, कोरीनला अजून अवकाश होता. दरम्यान तिला धाप लागू लागली. हृदयाची झडप असावी, असा विनिफ्रेडचा अंदाज. कोरीन मात्र डॉक्टरकडे जायला तयार नव्हती. एकदा तपासले की खर्चाचे दार उघडेल आणि रसाचे रान विकावे लागेल, ही तिची भीती. तरुण मुली लग्नाची तारीख धरून बसतात, तशी ती आपला पासष्टावा वाढदिवस धरून बसली होती.

मतदान पुकारायची वेळ आली. एल्डनने मला उचलले. आणि मग, फुटका पेला ठेवावा तसे हळूच टेबलावर ठेवले. शेगडीतले लाकूड तडकले.

परंपरेने अध्यक्ष आपली खुर्ची स्वतः निवडलेल्या माणसाच्या हाती देतो. एल्डनने विरोधकाचेच नाव घेतले. रॉयस पुढे आला, त्याने मला हाती घेतले, आणि त्याचा तळवाही ओलाच होता.

एल्डन बायकोशेजारी जाऊन उभा राहिला. "अध्यक्षमहाराज," तो रॉयसला म्हणाला, "माझी बायको रानातला चढ चढताना थांबते. विचारलं की म्हणते, झाडं बघतेय. सगळा जन्म तिनं त्याच झाडांत काढलाय. नवीन काय आहे तिथं बघण्यासारखं? ती पासष्टाव्या वाढदिवसाची वाट बघतेय. बायकोनं लवकर म्हातारं व्हावं म्हणून मी देवाचा धावा करतोय. एवढंच सांगायचं होतं."

कोरीन उठली. तिचा चेहरा लाल झाला होता. "अध्यक्षमहाराज, या माणसाला सांगा, घरी गेल्यावर याच्याकडे बघते."

"स्प्रेगबाई, आपलं म्हणणं नोंदलं गेलं आहे," रॉयस गंभीरपणे म्हणाला. कुणीही हसले नाही.

मतदान आवाजी झाले. आधी 'हो', मग 'नाही'. दोन्ही आवाज छताला भिडले. फरक असलाच तर केसाएवढा. निर्णय अध्यक्षाच्या कानाचा, आणि तो कान त्या दिवशी अशा माणसाचा होता, ज्याची रोजीरोटी त्या ठरावाने जाणार होती. मला वाटले, तो थांबेल. तो थांबला नाही. "'हो'चा आवाज मोठा आहे," तो म्हणाला आणि त्याने मला चकतीवर आदळले. इतका स्वच्छ आवाज माझ्यातून पूर्वी कधी निघाला नव्हता. कुणाला शंका आहे का, असे त्याने विचारले. कुणीही उभे राहिले नाही.

ठराव राजधानीला गेला आणि तिथेच राहिला. बर्फाखाली बी राहते तसा, की दगड राहतो तसा, हे मला अजून कळलेले नाही. पण झाकलेली गोष्ट सगळ्या गावाने ऐकली होती. आता कोरीनला झाडांचे निमित्त उरले नव्हते. दुसऱ्या दिवशी सकाळी रॉयसने फोन हाती घेतला. कोणत्या रुग्णालयात गरजूंसाठी तरतूद असते, कुणाशी कोणत्या शब्दांत बोलावे, हे त्याच्या धंद्याने त्याला शिकवले होते. वसंत संपण्यापूर्वी कोरीनच्या हृदयाला नवी झडप बसली. रान विकावे लागले नाही.

पुढच्या मार्चमध्ये जेवणाच्या पंगतीत रॉयस म्हणाला, "बघा, ओळखीचा माणूस होता, म्हणून काम झालं."

विनिफ्रेडने त्याच्या पानात घेवडा वाढला. "ओळखीचा माणूस लागला, रॉयस, हेच तर माझं म्हणणं आहे."

कोरीन दोघांच्या मध्ये बसून जेवत होती, आणि दोघांचाही पुरावा तीच होती.

आता ती माणसे नाहीत. गाव हल्ली सभेऐवजी दिवसभर येऊन-जाऊन मतांच्या चिठ्ठ्या टाकते. शेगडी पेटत नाही, हंडे चढत नाहीत. मी ग्रामकार्यालयाच्या खणात आहे, शाई संपलेल्या पेनांच्या सोबतीला. चिठ्ठी सोयीची असते, हे मला कळते. पण चिठ्ठीला धाप ऐकू येत नाही.

मला तेल-पाणी नको, मित्रांनो. काचेची पेटीही नको. तुमच्यात वाद होतील, ते खुशाल होऊ द्या. फक्त एका खोलीत बसून, एकमेकांचे शेवटपर्यंत ऐकून घेत जा. आणि चढावर कुणी झाडे पाहण्यासाठी थांबलेले दिसले, तर त्याला ओलांडून पुढे जाऊ नका. थांबा, आणि त्याला विचारा.