शेवटची बोट जाऊ द्या

मित्रांनो, मला जुनं म्हणा, हरकत नाही. डुगडुगतं मात्र म्हणू नका. मी अलिबागजवळच्या एका लहान रुग्णालयातलं शस्त्रक्रियेचं टेबल आहे. कारखान्यात घडवल्यावर माझ्यावर वाळूच्या गोण्या रचून पाहिल्या होत्या. मी हललं नाही.

अनेक वर्षं मी अपेंडिक्स, हर्निया, मोडलेली हाडं पाठीवर घेतली. मग इथे वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या. त्यात जठर कापून लहान करतात. त्यासाठी डॉ. अल्पेश मुंबईहून सकाळच्या बोटीने मांडव्याला उतरत आणि शेवटच्या बोटीने परतत. दिवसाची सगळी आखणी त्या बोटीवर बेतलेली असे, आणि प्रत्येक रुग्णाला सारखाच वेळ दिला जाई.

चूक तिथेच होती. वजन जास्त असलं की शीर सापडायला, श्वासासाठी नळी घालायला, मला तिरकं करण्याआधी रुग्णाला पट्ट्यांनी बांधायला वेळ लागतो. चरबीने मोठं झालेलं यकृत बाजूला धरायलाही लागतो. मग दिवस पुरत नसे, आणि सर्वांत जड रुग्णाला परत पाठवत. दोष कधी त्याच्या वजनाचा, कधी माझ्या वयाचा. बोटीचा कधीच नाही.

बोर्ली पंचतनच्या महेरुन्निसा अशा दोनदा परत गेल्या होत्या. झोपेत त्यांचा श्वास अडकायचा. आता थांबणं धोक्याचं होतं. शिवाय यकृत लहान व्हावं म्हणून दर खेपेला आधी दोन आठवडे नुसता पातळ आहार.

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा माझ्यावर आडवं होता होता त्यांनी भूलतज्ज्ञ डॉ. प्राप्तींना एक गंमत सांगितली. घराजवळच्या दवाखान्यातला काटा त्यांना पुरेना, म्हणून त्या बाजारात सुपारीच्या काट्यावर उभ्या राहिल्या. कुणीतरी विचारलं, मावशी, सोललेली की असोली? त्या म्हणाल्या, आधी भाव बोल.

तेवढ्यात डॉ. अल्पेशनी घड्याळ पाहिलं. आधीची शस्त्रक्रिया लांबली होती. टेबलही जुनं झालंय, पुढच्या खेपेला करू, असं ते म्हणाले.

महेरुन्निसांनी माझ्या दोन्ही कडा घट्ट धरल्या.

"माझ्या पोराच्या, अदनानच्या लग्नाच्या वलीम्याला घरभर बिर्याणीचा वास, नि मी ताक पिऊन बसले. तुमची बोट उद्या पन हाय, डॉक्टरसाहेब. मी उतरनार न्हाय."

डॉ. प्राप्ती तोवर खाली वाकून काम करत राहिल्या होत्या.

"सर, शीर मिळाली," त्या म्हणाल्या.

डॉ. अल्पेश थांबले. मला डोक्याकडून उचललं तेव्हा माझा प्रत्येक सांधा ताणला गेला. मी तसूभर सरकलं नाही. जेवढा वेळ लागायचा तेवढा लागला, आणि कुणी घाई केली नाही.

शुद्धीवर येताच महेरुन्निसांनी विचारलं, "बोट गेली?"

"गेली," डॉ. अल्पेश म्हणाले.

"बरं झालं."

आता सर्वांत जड रुग्ण सकाळी पहिला येतो आणि त्याच्यासाठी जास्त वेळ राखून ठेवतात. मित्रांनो, माझ्या सांध्यांना तेल द्या, गादी फाटली तर बदला. पण कुणाला परत पाठवायचं असेल, तर माझं नाव पुढे करू नका. जड माणसाला वेळ जास्त लागतो. लागतो, तर तेवढा द्यायचा. मी इथेच आहे, आणि अजून हललेलं नाही.