आधी पाणी, मग भांडण

गाडी घेऊन सतरा दिवस झाले होते आणि त्यातले अकरा दिवस ती कुमासी शहरातल्या मॅगझिनमध्ये, फिटर लोकांच्या त्या अवाढव्य वस्तीत, मास्टर इसाकाच्या पत्र्याखाली उभी होती. इंजिन बाहेर काढून फळीवर मांडलं होतं. बादू त्याच्याभोवती घिरट्या घालत होता. बसायला दिलेल्या टायरवर तो दोन मिनिटंही टेकला नव्हता.

मास्टरनं क्रँकचा दांडा उचलून त्याच्या नाकासमोर धरला. "हा दोनदा घासलाय. तिसऱ्यांदा घासायला लोखंडच उरलं नाही. तुला विकताना आत मधासारखं जाड ऑइल ओतलं होतं, म्हणून ठोका ऐकू आला नाही. इंजिन दुसरं घालावं लागेल. नऊ हजार सेडी."

"हेच दुरुस्त नाही व्हायचं?"

"होईल की. आज मी करीन, पंधरा दिवसांनी परत मीच करीन. माझी पोरं शिकतील, तुझी राहतील."

बादूनं एकवीस वर्षं दुसऱ्याची टॅक्सी चालवली होती. रोज संध्याकाळी गल्ला मालकिणीच्या हातावर ठेवायचा आणि कमी भरला तर शाळकरी पोरासारखं मान खाली घालून उभं राहायचं. ही त्याची पहिली स्वतःची गाडी. होती नव्हती ती पुंजी घालून माणसानं विकतचं दुखणं घेतलं होतं. आणि आज शनिवारी सकाळीच जुन्या मालकिणीचा, मॅडम कोनादूचा फोन आला होता. सोमवारपासून माझ्या टॅक्सीवर येतोस की दुसरा बघू, संध्याकाळपर्यंत सांग.

नऊ हजार नव्हतेच. राहिला एकच रस्ता. ज्यानं गाडी विकली त्या अनानेला माम्पाँगला जाऊन गाठायचं.

मिनीबसमध्ये त्याला ड्रायव्हरशेजारी जागा मिळाली. अनानेला काय काय सुनवायचं ते तो ओठांतल्या ओठांत घोकत होता आणि प्रत्येक वळणावर पायानं नसलेला ब्रेक दाबत होता.

"भाऊ, तो पाय आवर," ड्रायव्हर म्हणाला. "गाडी मी चालवतोय."

अनानेच्या दाराशी त्यानं 'आगो', येऊ का, अशी हाक दिली. आतून 'आमे', या, असं उत्तर आलं. अंगणात अनानेची आई अफ्राकोमा भुईमूग सोलत होती, शेजारी तिचा भाऊ, अनानेचा मामा, लाकडी खुर्चीत बसला होता. त्या लोकांत बापापेक्षा मामाचा शब्द मोठा. अनाने भिंतीला टेकून उभा होता आणि बादूला पाहताच त्याला नखांत काहीतरी सापडलं.

बादूनं उजवीकडून सुरुवात करून सगळ्यांशी हात मिळवले. अफ्राकोमानं पाणी आणलं. तो प्यायला. मामा म्हणाला, "इकडं सगळं शांत आहे. पाव्हणं, तुम्ही काय घेऊन आलात ते सांगा."

आणि जन्मभराच्या सवयीनं बादूच्या तोंडातून बाहेर पडलं, "शांतच आहे. वाईट काही घेऊन आलो नाही."

मग तो मुद्द्यावर आला. "मामा, तुमच्या भाच्यानं मला फसवलं."

"थांब. आत्ता काय म्हणालास?"

"फसवलं म्हणालो."

"त्याच्या आधी. वाईट काही आणलं नाही म्हणालास. पाणी पिऊन म्हणालास. मग हे कुठून निघालं? माझ्या अंगणातून?"

"मामा, ती आपली म्हणायची रीत असते हो."

"रीत आहे म्हणूनच विचारतोय. माणसानं पाणी पिऊन एक सांगायचं आणि पेला खाली ठेवून दुसरंच सांगायचं, मग मी ऐकायचं कशाला?"

अनानेचे खांदे सैल पडले. बादूच्या डोक्यात मात्र जाळ झाला. त्याला अनानेपेक्षा स्वतःचाच राग आला होता. वाटभर घोकलेल्या शिव्या पोटातच राहिल्या आणि जिभेनं घात केला. तो उठला आणि फाटकाबाहेर पडला.

रस्त्यावर कुमासीची मिनीबस भरत होती. त्यानं एक पाय पायरीवर ठेवला, काढला, परत ठेवला. खिशात फोन वाजला. मॅडम. त्यानं वाजू दिला.

"चढतोस की पायरी मोजतोयस?" कंडक्टरनं विचारलं.

चढलो तर सोमवारी मॅडमच्या दारात, आणि मग मरेपर्यंत तिथंच. बादूनं पाय खाली घेतला. फाटकाशी जाऊन त्यानं परत हाक दिली, "आगो!"

मग अफ्राकोमाचा आवाज आला, "आमे."

जणू आयुष्यात प्रथमच पाहतेय अशा चेहऱ्यानं तिनं पाण्याचा दुसरा पेला आणला. त्यानं पुन्हा उजवीकडून हात मिळवले. अनानेलाही हात द्यावा लागला, आणि त्याचा घामानं ओला होता. मामानं घसा साफ केला. "इकडं सगळं शांत आहे. पाव्हणं, तुम्ही काय घेऊन आलात?"

बादूनं पेला हातातच ठेवला. "माझ्याकडं शांत नाही," तो म्हणाला. "मी वाईट घेऊन आलोय."

मामानं खांद्यावरचं वस्त्र नीट केलं आणि तो सरळ बसला. "आता बोल."

बादूनं सगळं सांगितलं. जाड ऑइल, घासलेला क्रँक, नऊ हजार, मॅडम. मामानं भाच्याकडं पाहिलं. "तुला ठाऊक होतं?"

अनाने परत नखं कोरू लागला.

"गप्प बसून ऑइल पातळ होत नाही," आई म्हणाली.

"होतं ठाऊक," अनाने म्हणाला. "मलाही कुणीतरी तशीच विकली होती."

"म्हणजे कसं वाटतं तेही ठाऊक होतं," आई म्हणाली.

"पैसे काढ," मामा म्हणाला.

"कुठले काढू? सगळे आजीच्या मयतीला गेले. मंडप, खुर्च्या, बँड. बँड नको म्हणून मी किती सांगत होतो."

"बँड मी सांगितला होता," मामा म्हणाला. उठून आत गेला आणि फडक्यात बांधलेल्या नोटा घेऊन आला. "हे अर्धे, माझे. उरलेले हा दर शनिवारी मॅगझिनला येऊन मास्टरच्या हातात देईल. नाही आला तर मला येऊन सांग. आल्यावर काय म्हणायचं ते आता तुला कळलंय."

बादूनं उजव्या हातानं पुडकं घेतलं. आभार मानल्याशिवाय घेणं पुरं होत नाही, म्हणून ज्या घरानं बुडवलं त्याच घराचे त्यानं आभार मानले. राग गेला नव्हता, पण छातीवरचा दगड थोडा सरकला होता.

रस्त्यावर येऊन त्यानं मॅडमला फोन लावला.

"सोमवारी चावी दुसऱ्या कुणाला द्या, मॅडम."

"अरे वा. झाली वाटतं तुझी गाडी सुरू?"

"नाही. इंजिन फळीवर पडलंय."

"मग कशाच्या जोरावर बोलतोयस?"

"गाडी माझी आहे," बादू म्हणाला, आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं मॅडमच्या आधी फोन ठेवला.