दोन खाटांमधलं विणकाम

"सुया नकोत, यंत्र नको!" मादाम इंजी म्हणाल्या आणि अंगठ्याएवढी जाड लोकर त्यांनी सगळ्यांना दिसेल अशी उंच धरली. "टाके या हातावरून त्या हातावर घ्यायचे, बस्स. अर्ध्या तासात गळपट्टा तयार. लहान मूलसुद्धा करतं. फक्त दोन हात मोकळे हवेत."

डायलिसिसची खोली होती ती. खाटांवर पडलेल्या प्रत्येक बाईचा एक हात नळ्यांनी यंत्राला जोडलेला होता.

मग सनिया हसली. दुम्यात शहराच्या नदीकाठी मासे विकणारी बाई ती. तिचं हसू जिन्यापर्यंत ऐकू जायचं.

"मादाम, आमचा एक हात ह्या यंत्राकडं गहाण पडलाय. दुसरा काय भाड्यानं आणू?"

मादाम इंजींचा चेहरा लाल झाला. "जमेल तसं करा, मी फोटोला येईन," असं म्हणत आपल्या मदतसंस्थेच्या लोकरीची पिशवी ठेवून त्या निघून गेल्या.

सनियाच्या शेजारच्या खाटेवर अवातिफ होती. तिला हसू आलं नाही. फर्निचरच्या कारखान्यात सोफ्याची कापडं शिवण्यात तिचा जन्म गेला होता; तिची शिवण इतकी सफाईदार की नखालाही लागत नसे. सनियाचा आवाज आणि तिच्या कपड्यांना येणारा मासळीचा वास, दोन्ही तिला नकोसे होते. पण अवातिफचा उजवा हात मोकळा असे आणि तिच्या उजवीकडच्या सनियाचा डावा.

"दे इकडं हात," सनिया म्हणाली. "दोघींची मिळून एक धड बाई होते का बघू."

नर्स बासमाने खाटा जवळ ओढल्या आणि मोबाइलवर बघून पहिले टाके अवातिफच्या मनगटावर चढवून दिले. अवातिफ मुठीत लोकर धरी. सनिया तिच्या मनगटावरचा टाका उचलून मुठीवरून पलीकडे काढी आणि मुठीत उरलेला फास स्वतःच्या हातात घाली. ओळ संपली की सनियाची मूठ आणि अवातिफची बोटं. घरी जायची वेळ झाली की बासमा ते टाके सलाइनच्या रिकाम्या नळीत ओवून ठेवी.

"ह्याला काय विणकाम म्हणायचं?" अवातिफ कुरकुरे. "यातून मांजर आरपार जाईल."

"जाऊ दे की. तुझ्यासारखं तोंड वाकडं करून तरी जाणार नाही."

हिवाळाभर विणकाम वाढत गेलं. गळपट्ट्याचं पांघरूण होऊ लागलं. सनियाला यायला उशीर झाला की अवातिफ दाराकडे बघत राही. भांडण झालं ते त्या पांघरुणावरूनच.

"माझ्या मरवतच्या लग्नात देणार मी हे," एक दिवस सनिया म्हणाली.

"आणि मी? यंत्रावरून उठले की माझे दात वाजतात. सून मला जुनी चादर देते."

"मरवत माझी पोर आहे. तू कोण लागून गेलीस?"

अवातिफला ते झोंबलं. आवाज न चढवता ती म्हणाली, "आधी नवरा तर मिळू दे तिला. तोवर तू जगलीस तर."

सनियाची बोटं थोडा वेळ टाक्यावर थांबली. मग "धर," एवढंच ती म्हणाली. त्या दिवशी तिच्या तोंडून दुसरा शब्द निघाला नाही.

पुढच्या खेपेला अवातिफने घरून सफरचंदाच्या फोडी आणल्या होत्या, सोलून, कागदात गुंडाळून. यंत्र थांबलं की द्यायच्या, म्हणजे वेगळं काही बोलावं लागणार नाही, असं तिने ठरवलं होतं. दोघी न बोलता विणत होत्या. ओळ अर्ध्यावर असताना सनियाची मूठ सैल पडली.

"धर ना नीट," अवातिफ म्हणाली. "अजून राग गेला नाही का?"

सनियाचे ओठ पांढरे पडले होते.

"प्रेशर पडलंय!" बासमा धावत आली. तिने सनियाचा हात ओढला तसा अवातिफचाही हात ओढला गेला. दोघी एकाच लोकरीत अडकल्या होत्या. बासमाने लोकरीवर कात्री चालवली. सनियाच्या नळ्या काढून खाट ढकलत बाहेर नेली. अवातिफचं यंत्र चालू होतं, तिला उठता येईना.

"तिला सांग," ती बासमाच्या पाठीमागून ओरडली, "सांग तिला..." पण बासमा दाराबाहेर गेली होती.

अवातिफचं यंत्र थांबायच्या आधीच सनिया गेल्याचं खोलीत कळलं.

काही दिवसांनी मादाम इंजी छायाचित्रकाराला घेऊन आल्या. कापलेली टोकं अवातिफने एकेक करून शिवून टाकली होती.

"अर्धंच झालं? हरकत नाही, छान दिसतंय!" सनियाच्या जागी खुर्ची ओढून मादाम बसल्या आणि स्वतःचा हात त्यांनी पांघरुणात घातला. "इकडे बघा, जरा हसा."

"ह्यातले अर्धे टाके तिचे आहेत," अवातिफ म्हणाली. "तिला विचारून या. मग काढा फोटो."

मादामनी हात बाहेर काढला. लोकर संस्थेची असल्याचं त्या जाता जाता बासमाला ऐकवून गेल्या. अवातिफने पांघरूण आपल्या पिशवीत भरलं.

यंत्रावरून उठल्यावर ती तशीच मासळीबाजारात गेली. आईच्या जागेवर मरवत बसली होती. कोपरापर्यंत हातांना खवले चिकटले होते.

"हे तुझ्या आईनं विणलं," अवातिफ म्हणाली. "तुझ्या लग्नासाठी."

मरवतने मान वर केली. "माझं लग्न? ते तर आईला यंत्र लागलं तेव्हाच मोडलं. असलं दुखणं वारशानं येतं म्हणाले ते लोक. तिला माहीत होतं की." तिने अवातिफकडे निरखून पाहिलं. "तुम्ही शेजारच्या खाटेवरच्या का? तुम्हाला नाही बोलली?"

अवातिफने पांघरूण तिच्यापुढे धरलं.

"घेऊन जा मावशी," मरवत म्हणाली. "दवाखान्यातलं काही घरात नको मला." तिने सुरी धुतली आणि पुढचा मासा फळीवर घेतला.

थांब्यावर नदीचा वारा लागत होता. अवातिफचे दात वाजू लागले. पांघरूण मांडीवर घेऊन ती गाडीची वाट बघत बसली. अंगावर मात्र तिने ते घेतलं नाही.