कंपासमधला वाटा

कल्याणनं पेढ्यांचं ताट मोनिकाच्या बाकावरून सरळ पुढं नेलं. डावीकडं शीतलला पेढा, उजवीकडं मिथुनला पेढा, आणि मधे मोनिका जणू बसलेलीच नव्हती.

चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी नववीच्या वर्गात हे ठरलेलंच. राजूरच्या गणपतीजवळ कल्याणच्या वडिलांचं पेढ्यांचं दुकान. त्यातला प्रसाद मधल्या सुट्टीत वर्गात यायचा. आणि प्रसादाचा वाटा कुणी कुणाचा चुकवत नाही. अबोला असला तरी नाही.

"तुला न्हाई दिला?" शीतल पेढा चघळत म्हणाली. "अन् मला वाटलं, सारखा तुझ्याकडंच बघून राह्यलाय!"

बघत होता, हे मोनिकालाही माहीत होतं. पण कसा? पोरगा पोरीकडं बघतो तसा, की सगळे पेशंटकडं बघतात तसा? सहावीत तिला शुगर निघाली तेव्हापासून हे दुसरं बघणं तिला चांगलंच पाठ होतं. 'अगं बाई, एवढ्याशा पोरीला?' वालं. म्हणून तर वर्गात शीतलशिवाय कुणाला तिनं पत्ता लागू दिला नव्हता. डब्याआधीचं इंजेक्शनही बाथरूममध्ये जाऊन घ्यायचं. मग याला कसं कळलं? की कळलंच नाही, नुसतीच ती आवडत नाही?

ती पिशवी उचलून पाण्याच्या टाकीमागं गेली. छाती धडधडत होती. तळहात ओले. बोटं थरथरायला लागली तशी मागून आलेली शीतल घाबरली.

"उतरली का गं शुगर? तुझा बिस्किटाचा पुडा कुठंय?"

"तुझ्याकडं ठेवल्ता ना."

शीतलचं तोंड एवढंसं झालं. "काल खाल्ला मी. थांब, आणते जल्दी!"

ती पळाली, आणि टाकीच्या त्या बाजूनं कल्याण आला. हातात कंपास.

"उतरली का?"

त्यानं झाकण उघडलं. कर्कटकाशेजारी वहीच्या कागदात एक पेढा होता.

"तुझा वाटा. राखून ठेवल्ता. दर चतुर्थीला वाटपाच्या टायमाला तू बाहेर गेलेली असती, तवाबी ठेवतो. दोन दिवसांनी वाळून दगड होतो, मंग मीच खातो."

"मंग मघाशी का न्हाई दिला?"

"दिला असता तर तू सगळ्यांपुढं नको म्हणली असती. अन् ह्या मिथुननं का, का, का करून जीव खाल्ला असता तुझा."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी न्हाई. सहामाहीच्या पेपरला तू बाकावर डोकं टेकल्तं. शीतल साखर चारत होती." तो कंपासकडं बघत म्हणाला, "तवापासून लक्ष असतं."

तिची धडधड आणखीच वाढली. तिनं पेढ्याकडं हात नेला आणि मागं घेतला.

"आधी तपासते."

तिनं पिशवीतलं शुगर मोजायचं मशीन काढून बोटाला टोचलं, थेंब पट्टीला लावला. मशीन उलटे आकडे मोजू लागलं. पाच, चार, तीन. दोघं त्या एवढ्याशा काचेवर वाकले होते.

एकशे अठरा.

"म्हणजे कमी?"

"न्हाई."

"जास्त?"

"न्हाई. बराबर हाये."

"मंग हात कशाला कापून राह्यलेत?"

मोनिकानं पुन्हा आकडा पाहिला. तीन वर्षांत मशीन कधी खोटं बोललं नव्हतं. अंगात असं झालं की साखर खायची, एवढंच तिला शिकवलं होतं. आकडा बरोबर असून असं झालं तर काय करायचं, हे डॉक्टरांनी सांगितलंच नव्हतं.

"राहू दे तो पेढा तुझ्याकडंच," ती म्हणाली. "लागंल."

कल्याणनं कागदाची घडी नीट घातली आणि कंपासचं झाकण लावू लागला. ते सटकलं. त्यानं पुन्हा दाबलं, पुन्हा सटकलं.

मोनिका त्याच्या बोटांकडं बघत राहिली. त्याला तर शुगरबिगर काहीच नव्हती.