नवल मिस्त्रींचा ओळंबा

मी एक जुना ओळंबा आहे. मित्रांनो, आधीच सांगतो, माझी कीव करू नका. दोरीला टांगलेला पितळी गोळा, एवढाच माझा ऐवज. भिंत बांधताना गवंडी मला वरून सोडतो आणि ती सरळ आहे की कलली, ते मी सांगतो. कोणाला वाईट वाटेल म्हणून मी कधी केसभरही सरकलो नाही. पुढेही सरकणार नाही.

धुळ्यातल्या एका लेथवर मला घडवले. दुकानात माझ्यासारखे पुष्कळ होते, पण नवलने हातात तोलून मलाच उचलले. तेव्हा त्यांना कोणी मिस्त्री म्हणत नव्हते. शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचे गाव. आठ वर्षे विटा वाहिल्या, माल कालवला, दुसऱ्यांचे हात पाहत काम शिकले. पहिल्यांदा थापी हातात आली, त्याच आठवड्यात ते मला घेऊन घरी गेले. घर कुडाचे होते, शेणामातीने लिंपलेले. त्यात सरळ अशी एकही भिंत नव्हती. नवल मला दाराशी अडकवून हसले आणि बायकोला म्हणाले, "रेशमा, याले आठे करमत नही."

पण मला करमले. त्यांची मुलगी ज्योती झोळीत असताना रडू लागली की ते मला तिच्या डोळ्यांपुढे टांगायचे. मी हलायचो आणि ती गप्प व्हायची. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला तर ते कोणाच्या बापाचे ऐकत नसत. एकदा स्लॅब टाकायचा म्हणून ठेकेदाराने माणूस पाठवला. नवल मिस्त्री लिंबाच्या फांदीला परांचीचा दोर बांधत होते. म्हणाले, "आज मनी पोरना झोका शे. स्लॅब सकाय टाकू." आणि खरोखर दुसऱ्या दिवशीच टाकला.

बावीस वर्षे आम्ही शिरपूर, पारोळा, धुळे असे फिरलो. रेशमाबाई त्यांच्याच हाताखाली बिगारी होत्या. मिस्त्री वरून मला सोडायचे, मी भिंतीला जेमतेम टेकलो की खालून रेशमाबाई म्हणायच्या, "लागना." म्हणजे टेकला. मग पुढचा थर. एकदा तापात असताना मिस्त्रींनी मला खिशातच ठेवले आणि नुसत्या नजरेने चार थर चढवले. सकाळी मला सोडले, तर भिंत बोटभर बाहेर. कोणी पाहिले नव्हते. तरी त्यांनी चारही थर स्वतःच्या हाताने उतरवले. "डोळाले वाटस ते खरं नही," ते म्हणाले, "दोरा सांगस ते खरं." मला त्या दिवशी त्यांचा फार अभिमान वाटला.

त्यांचे शेवटचे काम गावच्या शाळेची नवी खोली. ती पूर्ण झाली आणि चैत्रात छातीत कळ येऊन ते गेले. वय जेमतेम पंचेचाळीस. रेशमाबाईंनी मला कुडाच्या खिळ्याला अडकवले. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले. मला राग येत होता. मरण त्यांना आले होते, मला नाही.

श्रावणात शाळेच्या त्या खोलीला कोपऱ्यापासून वर तिरका तडा गेला. ठेकेदार योगराज गावकऱ्यांसमोर सरळ म्हणाला, "नवलने भिंत वाकडी बांधली, त्याला मी काय करू?" मेलेला माणूस थोडाच उत्तर द्यायला येणार? दुसऱ्या दिवशी ज्योती सातवीच्या वर्गातून घरी आली आणि दप्तर फेकून बसली. पोरी तिला म्हणाल्या होत्या, "तुना बापनी भित वाकडी शे." उद्यापासून शाळेत जाणार नाही, असे तिने सांगून टाकले.

 रेशमाबाईंनी मला खिळ्यावरून काढले, पदराने पुसले आणि शाळेकडे निघाल्या. वाटेत माणसे मागे येऊ लागली. शाळेच्या समितीचे म्हातारे पितांबर आबा काठी टेकत आले, योगराजही आला.

"रेशमा, हाई बायकासनं काम नही," आबा म्हणाले.

"बावीस वरीस दोरा मीच दखं, आबा," असे म्हणून त्या शिडी चढल्या.

त्यांनी भिंतीच्या माथ्यावरून एक वीट अर्धी बाहेर धरली आणि तिच्या टोकावरून मला सोडले. पण वारा सुटला होता. मी झोकांड्या खाऊ लागलो. आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती. योगराज हसला, "वाऱ्यात कुठे ओळंबा धरतात का, बाई?"

रेशमाबाईंनी वरूनच ज्योतीला सांगितले, "पानीनी बादली लई ये."

ज्योतीने भरलेली बादली माझ्याखाली ठेवली. मी पाण्यात बुडालो आणि थोड्या वेळात दोरा गप्प उभा राहिला. वाऱ्याच्या दिवशी नवल मिस्त्री हेच करायचे. योगराजचे हसू तिथेच थांबले. रेशमाबाईंनी विटेवर दोऱ्याची जागा खुणेने पक्की केली, वीट तिथेच वजन ठेवून दाबली, खाली आल्या, आणि तेवढीच दुसरी अर्धी वीट बादलीच्या वर दोरा आणि भिंत यांच्यामध्ये धरली. बरोबर बसली. तड्याच्या अलीकडे बसली, पलीकडेही बसली.

"भित सरळ शे," आबा वाकून बघत म्हणाले. "मंग तडा कथाईन उना?"

रेशमाबाईंनी नुसते बोट दाखवले. कोपऱ्याच्या पायालगत पाइपासाठी खोदलेली चर पाऊस लागल्यापासून उघडी पडली होती. तिच्यात गुडघाभर पाणी साचले होते आणि काळी माती खचली होती. "हाई चर कोनी खंदी?" त्यांनी विचारले. सगळ्यांनी योगराजकडे पाहिले. तो मोबाइल कानाला लावून गाडीकडे गेला.

आबांनी त्याला परत बोलावले, आणि पाया त्यानेच सावरून दिला. ज्योती दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि त्या भिंतीला टेकून बसली.

मिस्त्रींच्या फोटोशेजारी मला हार घालून टांगावे, असे मग कोणीतरी सुचवले. रेशमाबाई म्हणाल्या, "हाई टांगी ठेवानी चीज नही."

मित्रांनो, ज्या भिंतींच्या आड तुम्ही निवांत झोपता, त्या कोणी बांधल्या ते विचारून ठेवा. तो माणूस नसताना कोणी त्याच्या नावाला बट्टा लावला, तर मान खाली घालू नका. दोरा सोडा आणि मोजून दाखवा. आणि आमच्यासारख्या हत्यारांना दसऱ्याला कुंकू लावून वर्षभर विसरू नका.

मी सध्या कामात आहे. कुडाच्या जागी विटांची भिंत उभी राहते आहे. गवंडीकाम बाई करते म्हणून काही जण नाक मुरडतात, खुशाल मुरडोत. थापी रेशमाबाईंच्या हातात आहे. आज सकाळी त्यांनी मला वरून सोडले, मी हळूच विटेला टेकलो, आणि खालून ज्योती म्हणाली, "लागना."