स्पंजाने केलेली चोरी

छापखान्याच्या बांधणी विभागात त्या दिवशी यंत्रं बंद होती. अठ्ठावीस कामगार भिंतीला पाठ लावून उभे होते, हात पुढे, मुठी मिटलेल्या. मधोमध खुर्चीवर चिमूटबाबा बसले होते. हे नाव कामगारांनीच ठेवलेलं, कारण बाबा बोलायचे पोतंभर आणि द्यायचे चिमूटभर. आत्ताही प्रत्येकाच्या मुठीत त्यांनी दिलेली चिमूटभर पांढरी पूड होती.

"जीभ खोटं बोलते, तळहात बोलत नाही!" बाबा गरजले. "ज्याने चोरी केली त्याच्या मुठीतून रक्त येईल. शंभरपर्यंत मोजा. हात थरथरला तर मेलात!"

प्रकरण असं होतं. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा पाचशेचा, आणि मोजणीकाकांना भरला चारशे नव्याण्णव. काकांनी तीनदा मोजला. एक कागद बाहेर गेला म्हणजे पेपर फुटला, आणि पेपर फुटला म्हणजे छापखान्याला टाळं. तीस वर्षांत काकांची मोजणी चुकली नव्हती, त्यामुळे मोजणीवर संशय घ्यायचं कुणाच्या मनातही आलं नाही. मालकांनी चोर धरायला थेट बाबांना गाडी पाठवली. एवढा शिकलेला माणूस, पण बाबा दारात येताच पाया पडून मोकळा झाला.

रांगेच्या शेवटी घडीवाली उभी होती. कागदांना घड्या घालणं हे तिचं काम आणि हातापायांचा घाम हा तिचा जन्माचा ताप. थंडीतही तळहात निथळायचे, पायांतून चपला सटकायच्या, फरशीवर ओली पावलं उमटायची. शाळेत उत्तरपत्रिका भिजायच्या तेव्हा बाई तिला गबाळी म्हणायच्या. इथे ती सुती हातमोजे घालून काम करायची, दिवसाला चार जोड. तिचा हात हातात घेतलेला माणूस नंतर गुपचूप कपड्याला हात पुसतो, हे तिने इतक्यांदा पाहिलं होतं की हात पुढे करणंच सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, "तुझ्या घामाच्या ग्रंथी नको तेवढ्या कामसू आहेत. घाबरलीस की आणखी जोरात काम करतात. यात तुझा काही दोष नाही."

आज बाबांनी तिला मोजे काढायला लावले होते.

"उघडा मुठी!"

एकेक मूठ उघडली. पूड पांढरीच राहिली. प्रत्येक मुठीला बाबांनी मान डोलावली. मोजणीकाकांच्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या टोकाला तेवढे दोन तांबडे ठिपके दिसले. "याला ठाऊक आहे, पण बोलत नाही," बाबांनी निकाल दिला. काकांचं तोंड उतरलं.

मग घडीवालीने मूठ उघडली. तळहात लालभडक झाला होता आणि मनगटावरून तांबडं ओघळत होतं.

"रक्त!" कुणीतरी किंचाळलं. शेजारी उभे असलेले चार पावलं लांब सरकले.

"तुला पोटच्या पोरीसारखं वागवलं गं!" मालक ओरडले. "आणि तू माझ्याच मुळावर उठलीस?"

"मालक, मला घाम येतो. इथे सगळ्यांना माहीत आहे."

"घाम पापाचाच फुटतो, बेटी," बाबा गोड आवाजात म्हणाले.

"उद्यापासून पाऊल टाकू नकोस इथे," मालक म्हणाले. "तुझं नाव मी परीक्षा मंडळाला कळवणार. परत कुठल्या छापखान्यात काम मिळतं ते बघतोच!"

क्षणभर तिला स्वतःचीच शंका आली. त्या क्षणाचाच तिला पुढे सगळ्यात जास्त राग आला.

तिची नजर काकांच्या बोटांवर गेली. अंगठा आणि तर्जनी. काका सकाळभर कागद मोजत होते आणि बोलावणं येईपर्यंत त्यांची ती दोन बोटं डबीतल्या ओल्या स्पंजावर होती. फक्त तीच दोन.

ती ताडताड मोजणीच्या टेबलापाशी गेली, स्पंजाची डबी उचलली आणि बाबांच्या ताटलीतली चिमूटभर पूड त्यावर टाकली. स्पंज लालभडक झाला.

"घ्या मालक, चोर सापडला," ती म्हणाली. "द्या याला पोलिसांत!"

कुणीतरी फिसकन हसलं. बाबा उठून पिशवी शोधायला लागले. "अश्रद्धेच्या हातून असंच व्हायचं," ते पुटपुटले.

"मग तुमच्या हातून होऊ द्या. हात ओले करा आणि घ्या चिमूट." बाबांनी दोन्ही हात मागे लपवले. "पांढऱ्या पावडरीत नखभर कोरडा रंग कालवलाय. कोरड्यात दिसत नाही, ओल्यात फुलतो. आधी माणसाला घाबरवायचं, मग मूठ मिटायला लावायची. घाबरलं की कुणाचाही हात ओला होतो, चोर असो नाहीतर नसो. आणि माझा तर बारा महिने ओला!"

बाबा दाराकडे सटकले, तर गठ्ठे बांधणाऱ्या ताई आडव्या उभ्या. "थांबा की बाबा, अजून शंभर व्हायचेत."

"पण मग कागद गेला कुठे?" मालक चाचरत म्हणाले.

तिने तो गठ्ठा दाराशी असलेल्या पार्सलच्या वजनकाट्यावर ठेवला. मग दुसरा, पुऱ्या पाचशेचा. आकडा तोच. काकांनी कोरड्या हातांनी गठ्ठा सोडला, कोपरे वाकवून एकेक पान सुटं केलं. मधल्या भागात दोन कागद कोपऱ्याला चिकटलेले निघाले. काकांच्याच बोटाचं पाणी वाळून ते जुळले होते आणि तिन्ही वेळा एक म्हणून मोजले गेले होते. चोरी झालीच नव्हती.

काकांनी स्पंजाची डबी बाजूला सारली. "माझंच चुकलं, पोरी."

"तुमची चूक मोजणीतली आहे काका, ती कुणाचीही होते." मग ती मालकांकडे वळली.

"झालं गेलं विसरून जा," मालक घाईघाईने म्हणाले. "चहा मागवतो सगळ्यांना."

"विसरू? काटा तुमच्या दारात होता, मालक. दहा पावलांवर. तो सोडून तुम्ही बाबाला गाडी पाठवलीत! कागद कमी भरला तर वजन करा. माणसाचा हात ओला दिसला तर त्याला विचारा, डॉक्टरांना विचारा. कुणी काही सांगितलं की आधी पडताळून बघा. एवढंसुद्धा जमत नसेल तर लोकांच्या परीक्षांचे पेपर कशाला छापता?"

तिने आपला लाल, निथळता हात मालकांसमोर धरला.

"मिळवा हात. आणि पुसू नका."

अठ्ठावीस माणसं बघत होती. मालकांनी हात मिळवला. सोडला तेव्हा त्यांचाही तळहात लालभडक होता. बाबांच्या न्यायाने आता तेही चोर होते.

"कुणी विचारलं तर खरं सांगा," ती म्हणाली.

रंग चांगला पक्का निघाला. पाच दिवस गेला नाही आणि मालकांना विचारणारे पुष्कळ भेटले.